नवख्या एजंटाच्या मागे कोण उभं आहे?

शनिवार-रविवारी पुण्याच्या पुनावळे, ताथवडे, वाघोली, मांजरी या भागातून गेलात तर एक गोष्ट हमखास दिसते. रस्त्याच्या कडेला कंपनीचा टी-शर्ट घातलेली, हातात ब्रोशरचा गठ्ठा धरलेली विशी-बाविशीची मुलं-मुली उभी असतात. गाडीचा वेग जरा कमी झाला की काचेपाशी येऊन विचारतात, 'सर, टू बीएचके बघताय का?' आपण काच वर घेतो. मधल्या वारी हीच मुलं कुठल्या तरी ऑफिसात हेडफोन लावून बसतात आणि कुठून तरी मिळालेल्या 'डेटा'तल्या नंबरांवर एकामागून एक फोन लावतात. जेवणाच्या वेळी आपण ज्यांच्यावर खेकसतो ती हीच, घरं विकणारे नवखे एजंट.

या मुलांबद्दल आपलं मत तयार असतं. त्यांना काही येत नाही, शिकायचं नाही, झटपट पैसा हवा. घर घेताना फसलेला माणूस तर पहिलं वाक्य हेच बोलतो, 'त्या पोराला काही कळत नव्हतं हो.' खरंच कळत नव्हतं. पण त्याला काही कळत नाही हे त्याच्या कंपनीलाही ठाऊक होतं आणि बिल्डरलाही. मग 80 लाखांच्या व्यवहारात त्याला एकट्याला पुढे कुणी केलं, आणि त्यातून कमावलं कुणी?

वय कमी असणं किंवा अनुभव नसणं यात वाईट काही नाही. प्रत्येक धंद्यात माणूस नवाच येतो. या धंद्यात मात्र नवख्याच्या अज्ञानाचा भुर्दंड गिऱ्हाइकाने आणि त्या नवख्यानेच भरावा, आणि बाकीचे सगळे नामानिराळे राहावेत, अशी पक्की व्यवस्था बसली आहे. ती कायद्याने मोडायला हवी. त्यासाठी पहिलं वर्ष-दीड वर्ष उमेदवारीचं, म्हणजे हाताखाली शिकण्याचं, ठरवावं, आणि त्या काळातल्या त्याच्या प्रत्येक चुकीला उत्तर देणारा एक नोंदणीकृत माणूस नावानिशी कागदावर असावा, असं माझं म्हणणं आहे.

ही मुलं येतात कुठून? लातूर, बीड, सोलापूर, यवतमाळ, सगळीकडून. कुणी पुण्यात एमपीएससीची तयारी करायला आलेला असतो आणि वय निघून चाललं म्हणून पुस्तकं मिटलेली असतात. कुणी बीकॉम झालेला, कुणी इंजिनिअरिंगचे विषय राहिलेला, कुणी कॉल सेंटर बंद पडल्यावर इकडे वळलेला. या धंद्याला डिग्री लागत नाही, ओळख लागत नाही, भांडवलही जवळपास लागत नाही. मराठी घरात नोकरी सोडून धंद्यात उतरायचं म्हटलं की आजही आई-वडिलांच्या कपाळावर आठ्या येतात. अशा घरातल्या मुलाला हे दार उघडं सापडतं आणि ते उघडं राहावं असंच मला वाटतं. दार बंद करा असं म्हणणाऱ्यांचा माझ्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आत आल्यावर काय होतं ते मात्र बघायला हवं. मोठ्या कंपन्यांत विक्रीचं काम तुकड्यांत वाटलेलं असतं. प्री-सेल्सवाला फोन करून साइट व्हिजिट ठरवतो. सोर्सिंगवाला चॅनेल पार्टनर, म्हणजे कमिशनवर फ्लॅट विकून देणाऱ्या बाहेरच्या एजन्सी, सांभाळतो. क्लोजिंगवाला केबिनमध्ये बसून भाव ठरवतो आणि टोकन घेतो. कागदपत्रं भलतंच कुणी बघतं. नवखा मुलगा यातल्या एका तुकड्यावर बसतो आणि तिथेच राहतो. दोन-तीन वर्षं फोनवर काढलेल्या मुलाने एकही करारनामा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला नाही, असं सहज घडू शकतं. त्याच्या बायोडेटावर मात्र 'रिअल इस्टेटमधला तीन वर्षांचा अनुभव' छापलेलं असतं.

पगाराची गोष्ट आणखी मजेशीर. जुजबी बेसिक आणि वर इन्सेन्टिव्ह. फ्रीलान्सर असेल तर बेसिकही नाही. 80 लाखांच्या फ्लॅटवर 2 टक्के ब्रोकरेज म्हणजे 1 लाख 60 हजार. ऐकायला छान वाटतं. हे पैसे बिल्डरकडून आधी कंपनीला येतात, तेही करारनाम्याची नोंदणी झाल्यावर आणि गिऱ्हाइकाचे ठरलेले हप्ते जमा झाल्यावर. त्यातून मुलाच्या वाट्याला किती, हे कंपनी ठरवते आणि पुष्कळदा तोंडीच ठरवते. बुकिंग रद्द झालं तर गेलं. मधल्या काळात त्याने नोकरी सोडली तर बऱ्याचदा तेही गेलं. खोलीचं भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं. अशा मुलाकडून 'मॅडम, हा फ्लॅट तुम्ही घेऊ नका' हे वाक्य निघेल अशी अपेक्षा कुणी धरू नये.

नवखा मुलगा कंपन्यांना हवा का असतो? तो स्वस्तात मिळतो, उन्हातान्हात पळतो, हे उघड आहे. आणखी एक कारण आहे, ते कुणी मोठ्याने बोलत नाही. नवखा माणूस खोटं बोलत नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये जे सांगितलं तेच तो संध्याकाळी सांगतो. समोरून मेट्रो जाणार, विकास आराखड्यातला डीपी रोड दोन वर्षांत होणार, पझेशन डिसेंबरला नक्की. मुरलेला एजंट हे बोलताना किंचित अडखळतो, कारण त्याने असे पुष्कळ डिसेंबर उलटून गेलेले पाहिलेले असतात. नवख्याचा चेहरा स्वच्छ असतो. तो चुकीची गोष्ट मनापासून सांगतो, आणि त्या मनापासून सांगण्यावर लोक चेक लिहून देतात. विक्रीच्या दृष्टीने त्याचं अज्ञान कामाचं असतं. जे कामाचं आहे ते दूर करायची घाई कोण करेल?

त्याला कळायला हवं तरी काय काय? नव्या इमारतीचंच घ्या. जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, त्यावरचे फेरफार, 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय, जमीन भोगवटादार वर्ग 1 ची (विकायला मोकळी) की वर्ग 2 ची (विकायला सरकारी परवानगी लागणारी), ती बिगरशेती झाली की नाही, मालकीचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काय म्हणतो, प्रकल्पावर कर्जाचा बोजा किती. बांधकामाची परवानगी, म्हणजे सीसी, कितव्या मजल्यापर्यंतची आहे हेही बघावं लागतं, कारण गिऱ्हाईक बाविसावा मजला बघून खूश झालेलं असतं आणि सीसी चौदाव्यापर्यंतचीच असते. रीसेल असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सगळ्या व्यवहारांची साखळी, नोंदणीचा गोषवारा असलेला इंडेक्स-2, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मूळ कागद कुठल्या बँकेत अडकलेत, सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं मालकी हस्तांतर, झालंय का. बिल्डरने हे हस्तांतर करून द्यावं असं सांगणारा मोफा हा फ्लॅट मालकीचा कायदा 1963 चा आहे. तरीही इमारतीखालची जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहिलेल्या सोसायट्या शहराशहरांत आहेत.

जमिनीच्या व्यवहारात तर भले भले घसरतात. शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, कूळ कायद्याचं कलम 63 तसं सांगतं. तरीही 'सर, फार्महाऊस प्लॉट, फक्त काही लाखांत' म्हणत कोवळी मुलं मुळशी, मावळ, पुरंदर, भोरकडे गाड्या भरून लोकांना नेतात. 'एनए', म्हणजे बिगरशेती झालेली जमीन, आणि 'एनए प्रस्तावित' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दहा-अकरा अनोळखी माणसांची नावं एकाच सातबाऱ्यावर लावून प्रत्येकाला 'तुमचा तुकडा' म्हणून चुन्याची फक्की मारलेला चौकोन दाखवला जातो. मुलाला वाटतं आपण प्लॉट विकला. घेणाऱ्याने प्रत्यक्षात एक सामाईक भांडण विकत घेतलेलं असतं.

'रेरा नंबर आहे ना, मग टेन्शन कशाला?' हे वाक्य या धंद्यात दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. रेरा म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीवर नियंत्रण ठेवणारा केंद्रीय कायदा; त्याखालच्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे प्रकल्प नोंदला की हा नंबर मिळतो. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं काय झालं ते आठवा. महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या आणि त्यांच्या जोरावर महारेराची नोंदणीही मिळवली गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. तोपर्यंत लोक कर्ज काढून, देव्हारा मांडून तिथे राहायला आले होते. नालासोपाऱ्यात 41 इमारती ज्या जमिनीवर उभ्या होत्या, तिथे विकास आराखड्यात कचरा डेपो आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं आरक्षण होतं. न्यायालयाच्या आदेशाने 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या; सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. ही घरं आपोआप विकली गेली नव्हती. कुणीतरी कुटुंबांना जिने चढवून खोल्या दाखवल्या होत्या, हवा खेळती आहे म्हणून खिडक्या उघडल्या होत्या. अशा घरांत सरकारी यंत्रणांनाच जे वेळेत दिसत नाही ते एखाद्या बाविशीच्या मुलाला दिसायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. पण विकास आराखडा उघडून आरक्षण बघायचं असतं, परवानगीचा क्रमांक महापालिकेत जाऊन पडताळायचा असतो, एवढं त्याला कुणीतरी शिकवायला नको का? शिकवणाऱ्याचं नाव कुठेच नोंदलेलं नसतं, त्यामुळे हा प्रश्न विचारायचा कुणाला हेही कळत नाही.

कायदा या बाबतीत कठोर आहे, निदान कागदावर. रेरा कायद्याच्या कलम 10 नुसार नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायला मदत करणं एजंटाला निषिद्ध आहे. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळायलाच हवीत ती सगळी कागदपत्रं आणि माहिती त्याच्या हाती पोचवणं हेही एजंटाचं कर्तव्य आहे. कलम 62 प्रमाणे दंड दिवसाला 10 हजार रुपये, आणि तो वाढत वाढत घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. 80 लाखांच्या घरावर हे 4 लाख होतात. 'प्री-लाँच' नावाखाली, नोंदणीच्या आधीच, 'ईओआय'चे, म्हणजे घर घ्यायची इच्छा कळवणाऱ्या अर्जाचे, चेक गोळा करत फिरणाऱ्या फ्रीलान्सर मुलाला हा आकडा कुणी सांगितलेला असतो का? त्याला इतकंच सांगितलेलं असतं की लाँचनंतर भाव वाढणार आहे, आज चेक आण.

'यापेक्षा केस पिकलेला एजंट बरा,' असं यावर कुणी म्हणेल. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण अनुभव या गोष्टीला आपण नको तितका मान देतो. वीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाचा अर्धाअधिक अनुभव 1 मे 2017 च्या, म्हणजे रेरा पूर्णपणे लागू होण्याच्या, आधीच्या बाजाराचा आहे. तेव्हा भाव जिना-लॉबीचा वाटा धरलेल्या सुपर बिल्टअप क्षेत्रावर चालायचा आणि कार्पेट, म्हणजे घरातलं प्रत्यक्ष क्षेत्र, विचारणाऱ्याकडे लोक दयेने बघायचे. करारनाम्याआधी 20 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये असं मोफा सांगत होता, पण तो नियम ठाऊक असलेला एजंट विरळा आणि पाळणारा त्याहून विरळा. रेराने ही मर्यादा 10 टक्क्यांवर आणली. चेकची रक्कम एक, रोखीची दुसरी, हा तर शिष्टाचारच होता. 2015 पासून घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे. घेतली तर तेवढाच दंड. म्हणजे ज्याला आपण अनुभव म्हणतो त्यातल्या बऱ्याच विद्येला आज दंड आहे. असा गुरू मिळाला तर नवखा मुलगा लवकर तयार होतो खरा, पण कशासाठी तयार होतो ते विचारू नये.

अनुभवाचा खरा ऐवज वेगळाच असतो आणि तो कुठल्याही परीक्षेत बसत नाही. कुठल्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही, कुठला घरमालक डिपॉझिट परत करताना भिंतीवरचे खिळे मोजतो, कुठल्या बिल्डरचे भागीदार एकमेकांशी बोलत नाहीत, कुठल्या गल्लीत पावसाचं पाणी पार्किंगमध्ये शिरतं. नवरा-बायको घर बघताना स्वयंपाकघरात गप्प झाले तर काय समजायचं. हे सगळं गल्ल्या तुडवूनच येतं. उलट महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन प्रकल्पाची मुदत कितीदा वाढली ते बघणं, ऑनलाइन सातबारा काढणं, नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये शेजारच्या फ्लॅटचा खरा व्यवहार कितीला झाला ते शोधणं, यात विशीतली मुलं जुन्यांना हां हां म्हणता मागे टाकतात. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक झाला. तो स्कॅन करून गिऱ्हाइकासमोर अख्खी माहिती उघडणारा मुलगा आणि 'मी सांगतो ना' म्हणणारे काका, यांच्यात मला विचाराल तर मी मुलाला निवडेन. फक्त त्या पानावर जे दिसतंय त्याचा अर्थ त्याला लावता यायला हवा. त्यासाठी शेजारी कुणीतरी जाणतं लागतं.

महारेराने हा प्रश्न ओळखलाच नाही असं नाही. जानेवारी 2023 मधल्या आदेशाने एजंटांसाठी 20 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. 1 मे 2023 पासून प्रमाणपत्राशिवाय नवी नोंदणी किंवा नूतनीकरण नाही. आधीपासूनच्या एजंटांना सप्टेंबरपर्यंत मुदत होती, ती पुढे 1 जानेवारी 2024 पर्यंत वाढली. मे 2023 मध्ये पहिली परीक्षा झाली तेव्हा विशीतली मुलं आणि साठी ओलांडलेले काका एकाच खोलीत बसले. महाराष्ट्राने टाकलेलं हे पाऊल चांगलंच होतं. पण 20 तासांत कायद्याची कलमं समजतात. सातबारा वाचायची नजर येत नाही. आणि प्रमाणपत्र हाती पडलं की त्या मुलावर पुन्हा कुणाचंच लक्ष नसतं. दुसऱ्या दिवसापासून तो आणि वीस वर्षं घासलेला माणूस कायद्याच्या नजरेत एकाच तोलाचे एजंट.

कॅलिफोर्नियात विक्रेत्याचा परवाना मिळवायला कॉलेजच्या दर्जाचे तीन विषय, एकूण 135 तास, शिकावे लागतात. मला त्या तासांपेक्षा त्यानंतरची अट महत्त्वाची वाटते. परवाना मिळाला तरी तो विक्रेता एकटा धंदा करू शकत नाही. त्याला कुठल्या तरी ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं, कमिशनही त्या ब्रोकरमार्फतच घ्यावं लागतं, आणि त्याच्यावर देखरेख ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी त्या ब्रोकरची असते. स्वतः ब्रोकर व्हायला साधारणपणे दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. (परदेशात सगळंच आदर्श आहे असं नव्हे, इंग्लंडात इस्टेट एजंटाला परवानाच लागत नाही.) आपल्याकडेही हा विचार नवा नाही. विमा कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर एजंटाने केलेल्या कृतींना आणि चुकांना कंपनी उत्तरदायी आहे. पॉलिसी विकणाऱ्या मुलामागे कंपनी उभी करायची असं आपण ठरवलं, आणि माणूस आयुष्यभराची कमाई ज्यात ओततो ते घर विकणाऱ्या मुलामागे कुणीच नको, हे कुठलं तर्कशास्त्र?

रस्त्यावरसुद्धा आपण शिकाऊ परवान्यावर गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसवतो आणि गाडीला लाल 'एल' लावतो. समोरच्याला कळतं, अंतर ठेवायचं. तसंच महारेराच्या नोंदणीत दोन पायऱ्या कराव्यात. पहिली उमेदवार एजंटाची: वर्ष-दीड वर्ष किंवा ठरावीक संख्येने नोंदणीकृत व्यवहार होईपर्यंत. त्याच्या प्रमाणपत्रावर देखरेख करणाऱ्या एजंटाचं नाव आणि क्रमांक छापलेला असावा. गिऱ्हाइकाकडून टोकन किंवा कुठलीही रक्कम स्वीकारण्याआधी त्या वरिष्ठाने कागदपत्रं बघून सही केलेली असावी. चूक झाली तर दंड आधी वरिष्ठाला. आणि या काळात उमेदवाराला ठरावीक विद्यावेतन मिळावं, इन्सेन्टिव्ह असला तर त्याच्या वर. केवळ कमिशनवर उमेदवार नेमायला मनाई असावी. 'नका घेऊ' म्हणायची हिंमत महिन्याचं भाडं सुटल्याशिवाय येत नाही.

विद्यावेतन देणार कोण, हा पहिला आक्षेप मला माहीत आहे. राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हा बारावी, आयटीआय किंवा पदविका आणि पदवी अशा शिक्षणानुसार महिन्याला 6, 8 आणि 10 हजार रुपये द्यायचं ठरवलं. त्याच्या कितीतरी आधीपासून, 1961 पासून, शिकाऊ उमेदवारांचा केंद्रीय कायदा आहे. चौकटी तयार आहेत, या धंद्याला त्यांत बसवायचं कुणी मनावर घेतलेलं नाही. शिवाय एका सौद्यात लाखभर मिळवणाऱ्या कंपनीला उमेदवाराच्या हातावर महिन्याला काही हजार ठेवणं जड जाईल हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. देखरेखीची अट घातली की जुने एजंट दारात बसतील. हाताखाली घेण्यासाठी मुलांकडूनच पैसे मागतील, किंवा एकच माणूस पन्नास जणांच्या कागदावर सह्या ठोकेल. होईल हे, नक्की होईल. फार्मसीचा परवाना एकाचा आणि दुकान दुसऱ्याचं, हे आपण बघितलेलंच आहे. म्हणून एका वरिष्ठाकडे चार-पाचांहून जास्त उमेदवार नकोत, आणि उमेदवाराच्या प्रत्येक व्यवहारात त्या वरिष्ठाची डिजिटल सही लागावी. दंड त्याच्या खिशातून जाणार म्हटल्यावर भाड्याने सही देण्याचा धंदा बराचसा आपोआप महाग होतो. आणि गावाकडून आलेला मुलगा यामुळे बाहेर फेकला जाईल, ही भीती मला उलटी वाटते. आज तो आत येतो, वर्षभर उपाशीपोटी पळतो आणि बाहेर फेकला जातो, ते कुणाच्या हिशेबातच नसतं.

उमेदवारीत काम कुठलं द्यावं? माझं मत विचाराल तर भाड्याच्या घरांचं. तिथे ब्रोकरेज साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकं, चूक झाली तर नुकसान मर्यादित, आणि महिन्याभरात चार-पाच व्यवहार हातून जाऊ शकतात. लिव्ह अँड लायसन्स करार, त्याची नोंदणी (1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती सक्तीची आहे), मुद्रांक शुल्काचा हिशेब, पोलिस पडताळणी, घरमालकाशी आणि भाडेकरूशी एकाच दिवसात बोलणं, हे सगळं यात येतं. आणि धंद्यातलं पहिलं खोटंही इथेच शिकवलं जातं. मालक फोनवर सांगतो, 'अमुक लोक नकोत, बॅचलर नकोत, नॉनव्हेजवाले नकोत.' मुलगा दारात उभ्या असलेल्या माणसाचं आडनाव ऐकतो आणि म्हणतो, 'सॉरी सर, फ्लॅट कालच गेला.' फ्लॅट गेलेला नसतो. दोन-चार वेळा हे बोलून झालं की जीभ सरावते, आणि मग पझेशनच्या तारखेबद्दल बोलतानाही ती अडत नाही. अशा वेळी काय करायचं, मालकाला काय सुनवायचं, कुठला व्यवहार सोडून द्यायचा, हे सांगणारं कुणी शेजारी असेल तर त्या वर्षाचा अर्थच बदलतो. मुलींच्या बाबतीत तर सोबतीचा प्रश्न निव्वळ शिकण्याचा नाही. अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर अनोळखी माणसाला एकटीने फ्लॅट दाखवायला पाठवणाऱ्या कंपन्यांबद्दल आपण इतके कमी का बोलतो?

आपणही, म्हणजे गिऱ्हाइकंही, धुतल्या तांदळाची नाही. मुलाकडून चार रविवार घरं बघून घ्यायची, त्याच्या पेट्रोलवर फिरायचं, आणि पाचव्या रविवारी मालकाशी परस्पर सौदा करून ब्रोकरेज वाचवायचं, याला आपल्याकडे व्यवहारचातुर्य म्हणतात. हा फटका जुन्या एजंटाला क्वचित बसतो, कारण तो मालकाला ओळखतो. बसतो तो नवख्याला. घर दाखवण्याआधी ब्रोकरेजचा साधा लेखी करार करावा हे उमेदवारीत पहिल्या आठवड्यात शिकवायला हवं. आणि घेणाऱ्यानेही साइटवर पोचल्यावर मुलाचं वय न मोजता त्याला विचारावं, 'तुझा वरिष्ठ कोण? त्याचा नोंदणी क्रमांक दे, आणि कागदांबद्दल त्याच्याशी माझं बोलणं करून दे.' 'माहीत नाही, विचारून उद्या सांगतो' म्हणणाऱ्या मुलाशी व्यवहार करायला हरकत नाही. सगळं माहीत असलेल्या बाविशीच्या मुलापासून सावध राहिलेलं बरं.

याला विरोध होणार, हे गृहीत धरायला हवं. शेकड्यांनी मुलं भरून शेकड्यांनी गळू देणाऱ्या मोठ्या चॅनेल पार्टनर कंपन्या करतील. अशा फौजेवर तिमाहीची विक्री उभी करणारे बिल्डरही करतील. परीक्षेची सक्ती आली तेव्हाही 'इतकी वर्षं धंदा केला, आता परीक्षा कसली?' अशी कुरकुर झाली होती. महारेरा मुदत वाढवत गेलं, पण अट सोडली नाही, आणि 2024 मध्ये प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली. त्यासाठी विधिमंडळात विधेयक आणावं लागलं नव्हतं, आदेश पुरला होता. एजंटाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर 'देखरेख करणारा एजंट' असा एक रकाना वाढवायचा आणि तो रिकामा असेल तर उमेदवाराला बुकिंग करू द्यायचं नाही, हेही अशाच आदेशाच्या आवाक्यातलं काम आहे.